कुळथाचं म्हणून दिलेलं कढण

आमच्या वडिवळ्यात पावसाळा आला की एक किस्सा हमखास निघतो. एक गोरी पोरगी खेकडे मोजायला आली आणि मोजता मोजता खाऊन गेली! सांगणारा हसतो, ऐकणारे हसतात, आणि मी तिथं बसलेली असले तर मीही पदर तोंडाला लावून हसते. किस्सा खोटा नाही, पण त्यातलं एक माणूस गाळलंय. ते माणूस मी.

मी तोंडाची फटकळ. लग्नानंतर काही वर्षं आम्ही नवरा-बायको लोणावळ्याला एका बंगल्यावर राखणीला होतो. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांशी बोलून बोलून मोडकंतोडकं इंग्रजी आलं आणि कुणालाही तोंडावर सुनवायची सवयही तिथंच लागली. सासरे गेले, शेत बघायला कुणी उरलं नाही, म्हणून परत गावी आलो. त्यामुळे पुण्याचे एक सर जेव्हा विचारत आले, की बाहेरच्या देशातली एक विद्यार्थिनी पावसाळाभर राहील, कुणाकडे सोय होईल का, तेव्हा सगळ्या गावानं माझ्याच दाराकडे बोट केलं. माझ्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं, ती घोरावाडीला नांदायला गेली होती आणि तिची खोली रिकामीच पडली होती.

पोरगी स्कॉटलंडची. ताडमाड उंची, नाकावर तांबूस ठिपके, आणि पहिल्याच दिवशी चिखलात अशी आपटली की आमच्या म्हशीसुद्धा वळून बघायला लागल्या. कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीत बिनपगारी काम करायला आली होती. मला ते काही केल्या उमगेना.

"पगार न्हाई?" मी विचारलं.

"नाही मावशी."

"तिकीट तुझंच?"

"माझंच."

"म्हंजे सोताच्या खर्चानं हितं खेकडं मोजायला आलीस? अगं, तुझ्या आईनं येऊ दिलं कसं?"

ती हसली. तिला थोडं मराठी येत होतं, येताना शिकून आली होती. मावशी म्हणायचं हे तिला सरांनी सांगितलं होतं, पण ते तिच्या तोंडून इतकं गोड निघायचं की मी पहिल्या आठवड्यातच विरघळले.

काम असं. गावाच्या वर डोंगरातून एक ओढा येतो, त्यात काळे खेकडे असतात. तिनं ते धरायचे, पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचे. पुढच्या वेळी ठिपक्याचे किती भेटतात यावरून ओढ्यात एकूण किती असतील याचा अंदाज बांधायचा. आमच्याकडे पावसाळ्यात ज्याला त्याला खेकडे लागतात, कालवणाला आणि कामशेतच्या बाजारात विकायलाही. सरांचं म्हणणं, असंच चाललं तर काही वर्षांनी ओढ्यात नुसतं पाणी राहील. म्हणून जांभळीच्या झाडापासून खालच्या कातळापर्यंत यंदा कुणी खेकडे धरू नयेत, एवढीच त्यांची विनंती होती.

मारुतीच्या देवळात बैठक झाली. माणसं कुरकुरली. कुणी म्हणालं, खेकडं काय सरकारचं हैत का? तेव्हा मी उठले आणि म्हणाले, "पाव्हणी माझ्या घरात ऱ्हाती. तिचा शब्द त्यो माझा शब्द. जांभळीच्या खाली कुणी हात घातला तर गाठ माझ्याशी हाय." माझ्या तोंडाला गाव भितं. झालं, ठरलं.

आणि मी खरंच राखण केली. माझे थोरले दीर एकदा संध्याकाळी पिशवी घेऊन तिकडं निघाले, तर त्यांना मी वाटेतच गाठलं. वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये ते बोलले. जाऊबाई दोन दिवस फुगून बसल्या होत्या. मला काय त्याचं! मी रोज पोरीला डबा बांधून द्यायची आणि ती ओढ्यावरून भिजून आली की चुलीजवळ बसवून तिचे केस पुसायची. तिच्या रंगाची बाटली एकदा पाण्याबरोबर वाहून गेली, तर ती रडवेली झाली. मी मुलीच्या कपाटातून लग्नातलं लाल नेलपॉलिश काढून दिलं. तिनं ते स्वतःच्या नखावर लावून पाण्यात हात बुडवून पाहिलं. टिकलं. त्या दिवसापासून आमच्या ओढ्यातले खेकडे पाठीवर नवरीचा रंग घेऊन फिरायला लागले.

ती खेकडे खायची नाही. बाकी सगळं खायची. सुकट खायची, बोंबील खायची, अंडी खायची. पण खेकडा नाही. "ज्यांना मोजते त्यांना खाणार नाही," असं तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ते पटलंही होतं. आम्हीसुद्धा पोटाखाली पिल्लं असलेली खेकडी धरत नाही, धरली तरी सोडून देतो. हे तिला सांगितलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या होत्या.

मग ती आजारी पडली.

लावणीचे दिवस होते. घराबाहेर चिखल, घरात ओल. आधी शिंका, मग खोकला, मग ताप. कामशेतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप उतरला, पण खोकला काही सोडेना. खोकून खोकून बरगड्या दुखायच्या, अन्न पोटात राहायचं नाही. तिच्या आईचा फोन यायचा. मला तिची भाषा अर्धी कळायची, पण आईचं रडणं कुठल्याही भाषेत कळतं. मला वाटायचं, परक्याची लेक माझ्या घरात, हिला काही झालं तर मी त्या बाईला काय तोंड दाखवू?

आमच्याकडे असल्या खोकल्याला एकच औषध, खेकड्याचं कढण. नांग्या आणि पाय पाट्यावर ठेचायचे, पाणी घालून फडक्यातून गाळायचे, आणि त्या पाण्याला लसूण, मिरं, आलं लावून उकळायचं. माझ्या मुलीला मी लहानपणापासून तेच दिलंय. गाळलेलं असलं की खेकडा दिसतसुद्धा नाही. दिसायला अगदी कुळथाच्या कढणासारखं.

मी मालकांना म्हणाले, "अहो, खेकडं बघा कुटं मिळत्यात का. पोरीला द्यायचंत."

"तिला चालत्यात व्हय?"

"तिला सांगायचं कशाला?"

ते पिशवी घेऊन गेले आणि दिवेलागणीला परत आले. पिशवी भरलेली. कुठून आणले, हे मी विचारलं नाही. इतक्या लवकर पिशवी भरून खेकडे कुठं मिळतात हे मला ठाऊक होतं. गावातले बाकीचे ओढे लोकांनी केव्हाच धुऊन काढले होते. जिथं कुणी हात घालत नव्हतं अशी एकच जागा उरली होती, आणि ती माझ्या तोंडामुळे उरली होती. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, माणूस खोटं बोलणाऱ्यातला नाही. म्हणूनच मी विचारलं नाही.

पातेल्यात पाणी ओतून खेकडे धुवायला घेतले आणि तिसऱ्या की चौथ्या खेकड्याच्या पाठीवर लाल ठिपका दिसला.

जिवंत होता तो. नांग्या हलवत होता. माझ्या हातात होता. ओढा घरापासून हाकेच्या अंतरावर. जाऊन सोडून आले असते तर कुणाला कळलंही नसतं. आतून पोरीच्या खोकल्याचा आवाज आला, मग ती उलटी काढल्यासारखी ओकारी. मी नांगी मोडली. स्वतःला म्हणाले, एका खेकड्यापेक्षा पोरीचा जीव मोठा. हे म्हणताना मला बरं वाटलं, आणि त्याचीच आज जास्त लाज वाटते. कारण पातेल्यात ठिपक्याचा तो एकटा नव्हता.

"मावशी, हे काय?" वाटी हातात घेऊन तिनं विचारलं.

"कुळथाचं कढण."

तिनं फोनवर कुळीथ शोधला. घोड्याला घालतात असं काहीतरी तिथं निघालं, तर एवढ्या खोकल्यातही ती हसली. "मी घोडा," म्हणाली आणि वाटी चाटूनपुसून रिकामी केली.

तिला उतार पडला. कढणानं पडला की गोळ्यांनी, देव जाणे. पण पडला. आणि पुढची पंचाईत अशी झाली की तिला ते आवडलं. ओढ्यावरून आली की म्हणायची, "मावशी, घोड्याचं कढण?" मी एकदा खरंखुरं कुळथाचं करून दिलं. तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, आज वेगळं लागतंय, त्या दिवसासारखं नाही. पोरीचं तोंड एवढंसं झालं. माझ्यानं ते बघवलं नाही. अहो, कुणी आपल्या हातचं मागून खातंय हे सुख फार वाईट. माझी लेक गेल्यापासून माझ्या चुलीपाशी बसून कुणी काही मागितलं नव्हतं.

मी मालकांना पुन्हा सांगितलं. या वेळी एवढं म्हणाले, "लाल रंगाचं आणू नका हां."

"मंग कुटनं आणू? तितं आता निम्मं तसलंच हैत."

"मला म्हाईत न्हाई. माझ्या डोळ्याला लाल दिसता कामा नये."

आणि खरंच, पुढच्या पिशवीत एकही लाल ठिपका नव्हता. मी निश्चिंत मनानं धुवायला बसले. तर एकाच्या पाठीवर खरवडल्याची खूण. मग दुसऱ्याच्या. विळ्याच्या टोकानं खरवडलेलं, कडेला बारीकशी लाल रेघ राहिलेली. माझ्या डोळ्याला दिसू नये म्हणून त्या बिचाऱ्यानं ओढ्याच्या काठी बसून एकेक खेकडा खरवडला होता. पिल्लंवाल्या मात्र नेमानं सोडल्या होत्या. मला त्यांचा रागही येईना. नियम पाळणारा माणूस, मोडायला लावला मी. त्या दिवशीही कढण झालं.

एके दुपारी ती ओढ्यावरून लवकर आली. डबा तसाच परत. पडवीत बसली आणि मला म्हणाली, "मावशी, घासलेट आहे?"

मला वाटलं, बूट साफ करायचे असतील. मी घासलेटचा डबा दिला. तर तिनं फडकं बुडवलं आणि स्वतःच्या नखावरचा लाल रंग घासायला लागली. तो तिनं तेव्हापासून ठेवला होता, खेकड्यांच्या पाठीवरचा किती टिकतो ते कळावं म्हणून. घासता घासता बोट लाल झालं तरी थांबेना.

"काय झालं गं?"

अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत तिनं सांगितलं. रंगवलेले खेकडे भेटतच नाहीत. बिनरंगाचे थोडेफार दिसतात, रंगवलेले नाहीत. तिनं खूप विचार केला होता. लाल रंग लांबून दिसतो. बगळ्यांना दिसतो, मुंगसांना दिसतो. तिनं ठिपका दिला म्हणून ते मारले जात होते. ती त्यांना वाचवायला आली आणि तिच्याच हातानं ते मेले. ती सरांना फोन करून हे सगळं सांगणार होती आणि काम सोडून घरी जाणार होती. या कामाला आपण लायक नाही, पुन्हा असलं काही करणार नाही, असं म्हणाली. मग माझा हात धरला. "सॉरी मावशी. तुझ्या मुलीच्या लग्नाचा रंग होता. मी वाईट कामाला वापरला."

माझीच माफी मागत होती ती! मी तिथंच भिंतीला टेकून बसले. देवा, मला त्या क्षणी भुईनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. सांगितलं नाही तर ही पोर आयुष्यभर स्वतःला दोष देत बसणार. सांगितलं तर माझ्याकडे पुन्हा तशी बघणार नाही.

उठले. परसात कढीपत्त्याच्या बुडाशी आम्ही खेकड्यांची कवचं पुरतो, झाडाला खत म्हणून. हातानंच माती उकरली. पहिल्या वेळची कवचं निघाली, न खरवडलेली. धुऊन ताटलीत ठेवली, लाल ठिपके वर करून, आणि तिच्यासमोर नेली.

"बगळ्यानं न्हाई खाल्लं," मी म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. तिनं एक कवच उचललं, आपला ठिपका ओळखला आणि तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला! "म्हणजे रंगानं नाही मेले?" मी मान हलवली. तिनं डोळे मिटून असा श्वास सोडला की मला वाटलं, सुटले, दोघीही सुटलो. मग तिनं डोळे उघडले, चुलीकडे पाहिलं, पाट्याकडे पाहिलं.

"कढण?"

"व्हय."

"म्हणजे मी खाल्ले."

"तू न्हाई गं पोरी. मी केलं. मी खोटं सांगितलं. तुझी काय चूक?"

"पण मी खाल्ले, मावशी," ती म्हणाली. "मागून मागून खाल्ले."

ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं, वर दोन शब्द परतही केले असते, आणि आम्ही मोकळ्या झालो असतो. पण ती उठून ताटली घेऊन आत गेली. तिच्या डोक्यावरचं ओझं मी काढलं खरं, आणि तिच्या पोटात नेऊन ठेवलं. त्या दिवसापासून ती माझ्या हातचा भात खायची, भाकरी खायची, ताकही प्यायची. पातळ कालवणाची वाटी मात्र हलकेच बाजूला सारायची. मावशी म्हणणं तिनं सोडलं नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

काम पुरं करून ती जायला निघाली तेव्हा देवळात परत सगळे जमले. सर आले होते. त्यांनी गावाचे आभार मानले आणि तिला बोलायला सांगितलं. सरांना तिनं काय सांगितलंय मला माहीत नव्हतं. आता ती माझं नाव घेणार, दीर ऐकणार, जाऊबाई ऐकणार, ज्यांना ज्यांना मी वाटेत अडवून बोलले ते सगळे ऐकणार. घेऊ दे, म्हटलं. मी त्याच लायकीची आहे.

ती उभी राहिली. पाठ करून आणलेलं मराठी बोलली. गाव चांगलं आहे, ओढा चांगला आहे. "मोजणी नीट झाली नाही. कारण खेकडे मी खाल्ले. माफ करा."

सगळं देऊळ हसायला लागलं. लोकांना ती गंमत वाटली. कुणी म्हणालं, आवडलं का? ती म्हणाली, "खूप." परत हशा. जाऊबाई माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "आमाला वड्याला जाऊ देत नव्हतीस, आन् तुझी पाव्हणीच चापत हुती की गं!"

उठायचं होतं मला. आत्ता, याच क्षणी उठायचं, हे मला कळत होतं. मालक पुरुषांच्या बाजूला मान खाली घालून बसले होते. आणि माझं तोंड, ज्याला सगळं गाव भितं, ते उघडलं नाही. मी हसले. जाऊबाईंबरोबर हसले. ती माझ्याकडे बघत होती, पण रागानं नाही.

निघताना मी तिची ओटी भरली. तिनं नारळ पोटाशी धरला आणि वाकून माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद काय दिला, आठवत नाही. गाडी वळणाआड गेली तरी मी रस्त्यातच उभी होते.

पुढच्या पावसाळ्यात जांभळीच्या खाली गर्दी झाली. मी अडवायला गेले तर लोक तोंडावर हसले. "मोजणारीच खाती, मंग आमी का न्हाई?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायला आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं. मी मागं फिरले. ओढा महिन्याभरात रिकामा झाला. यंदा तिथं तळहाताएवढा खेकडा कुणाला मिळाला नाही.

परवा जाऊबाईंनी कालवणाची वाटी पाठवली. बारकी बारकी खेकडी, नांग्यांत मांस नाही, पिल्लंच म्हणायची. ओढ्यातलीच. माझ्यानं खाववेना. आमच्याकडे आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. मी गूळ घ्यायला डब्यात हात घातला आणि थांबले. पोरगी मागं ठेवून गेली त्या ताटलीतलं एक कवच मी देव्हाऱ्यामागं ठेवलं होतं, लाल ठिपक्याचं. तेच वाटीत घातलं आणि शेजारी गेले.

"ह्ये काय?" जाऊबाई म्हणाल्या.

"बसा. सांगायचं हाय." आणि सगळं सांगितलं. पिशवी, पाटा, कुळीथ, खरवडलेल्या पाठी. दीरांना वाटेत बोलले त्याची माफी मागितली. बोलता बोलता रडले. मालकांनाही विचारा, म्हणाले.

जाऊबाईंनी ऐकून घेतलं, सगळं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"पुरं गं आता," त्या म्हणाल्या. "किती ती माया! त्या पोरीनं सोताच्या तोंडानं देवळात सांगितलंय, मी खाल्लं म्हणून. आन् तू आजून तिचं पाप आपल्या डोक्यावर घेतीस?"

"अवो, खरं सांगतीया मी. ह्यो बघा ठिपका."

"रंग तुज्याच पोरीचा. तूच लावला असशील." त्या हसल्या, कवच उचलून बाहेर उकिरड्यावर टाकलं आणि वाटी विसळायला आत गेल्या.